घटकांच्या यादीत आकडे का नसावेत?

काठावरचा

पाकिटामागच्या बारीक अक्षरांतली घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, हे आता बहुतेकांना माहीत आहे. सर्वांत जास्त जे पडलं ते पहिलं, सर्वांत कमी ते शेवटी. कोडेक्सच्या (अन्नाची मानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) १९८५ सालच्या मानकात हा नियम आहे आणि बहुतेक देशांनी तो थोड्याफार फरकाने उचलला आहे. त्यावर विसंबून आपण दुकानात उभ्या उभ्या "साखर दुसऱ्या नंबरला आहे, नको" असे निर्णय घेतो.

माझी तक्रार अशी की नुसत्या क्रमावरून फार थोडं कळतं. दुसऱ्या नंबरचा घटक ४९ टक्के असू शकतो आणि ९ टक्केही. गणिताने एवढंच निघतं की दुसरा घटक ५० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, तिसरा ३३ च्या, चौथा २५ च्या. खालच्या बाजूला धरायला काहीच नाही. शर्यतीत कोण कितवा आला ते सांगायचं आणि वेळ कोणाचीच सांगायची नाही, असा हा प्रकार.

त्यात साखरेची पळवाट. समजा एका ओट्सच्या बारमध्ये (काल्पनिक बार, काल्पनिक आकडे) ओट्स २२ टक्के, साखर १४, ग्लुकोज सिरप १२ आणि मध ५ टक्के आहे. यादीत ओट्स पहिले दिसणार आणि बार पौष्टिक वाटणार. तिन्ही गोड्या एकत्र केल्या तर ३१ टक्के होतात, म्हणजे यादी साखरेनेच सुरू व्हायला हवी. यात कोणी खोटं काहीच लिहिलेलं नाही, हे विशेष. कॅनडाने यावर साधा उपाय केला. २०१६ सालच्या नियमांनुसार तिथे सगळ्या शर्करा "शर्करा" या एका नावाखाली कंसात एकत्र लिहायच्या आणि त्यांच्या एकूण वजनानुसार त्या गटाला यादीत जागा द्यायची. उद्योगाला बदलासाठी पाच वर्षं दिली होती. आपली लेबलं या एका बाबतीत कॅनडासारखी झाली तरी निम्मं भांडण मिटेल.

तोवर कामाला येणारी एक युक्ती सांगतो. यादीत मीठ शोधा, मग पोषणतक्त्यात सोडियम बघा. सोडियमला अडीचने गुणलं की मिठाची कमाल मर्यादा मिळते. (कमाल, कारण सोडियम खाण्याच्या सोड्यातूनही येतं.) यादीचा क्रम शेवटपर्यंत काटेकोर असेल तर मिठाच्या नंतर जे जे आहे ते या आकड्यापेक्षा कमी. पुढच्या बाजूला बदामांचा ढीग छापलेलं एक बिस्किट कल्पनेत घ्या. १०० ग्रॅममध्ये सोडियम ४०० मिलिग्रॅम, म्हणजे मीठ फार तर १ ग्रॅम. यादीत बदाम मिठाच्या खाली. म्हणजे ६० ग्रॅमच्या पाकिटात बदाम ०.६ ग्रॅमच्या आत. एक मध्यम बदाम साधारण एक ग्रॅमच्या आसपास भरतो. पुढचा हिशेब तुम्हीच करा.

खरं तर अशा ठिकाणी टक्केवारी द्यायची तरतूद आहे. चित्रात किंवा नावात एखादा घटक मिरवला असेल तर त्याचं प्रमाण लिहावं, असं कोडेक्स सांगतं आणि युरोपातही तसा नियम आहे. पण अपवाद बघा: चवीपुरता अल्प प्रमाणात घातलेला घटक यातून सुटतो. म्हणजे जिथे सर्वांत कमी घातलंय तिथेच सांगायची सक्ती सैल!

थायलंडमध्ये प्रमुख घटकांची अंदाजे टक्केवारी पाकिटावर लिहावी लागते, म्हणजे हे अशक्य नक्कीच नाही. मग बाकीच्यांचं अडतं कुठे? या धंद्यात कोणी असेल तर ऐकायला आवडेल.

दुपारचीझोप

लेख आवडला. पण यादी वाचतं कोण? घाईत आलेला माणूस पाकिटाची पुढची बाजू आणि किंमत बघतो आणि टोपलीत टाकतो. चिलीने २०१६ मध्ये केलं ते बरं: साखर, मीठ, संपृक्त चरबी, उष्मांक ठरावीक मर्यादेच्या वर गेले की पुढे काळा अष्टकोन. वाचायची गरजच नाही. तुमचं अडीचने गुणणं दुकानातल्या रांगेत कोण करणार?

काठावरचा

@दुपारचीझोप, अष्टकोनाला माझा विरोध नाहीच. पण तो "यात साखर जास्त आहे" एवढंच सांगतो. "बदाम आहेत का" किंवा "संत्र्याच्या सरबतात संत्रं किती" याचं उत्तर तो देत नाही. आणि गुणाकार कोणी करू नये म्हणून तर आकडा छापा म्हणतोय.

निळीशाई

माझा मुलगा शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचा. आमच्याकडे प्रत्येक पाकीट वाचलं जातं, दर वेळी, नेहमीचं असलं तरी. त्यामुळे या चर्चेत मी थोडी वेगळ्या बाकावर आहे. टक्केवारी आली तर आनंदच, पण माझ्यासाठी पहिला प्रश्न "किती" नसून "आहे की नाही" हा आहे.

युरोपात चौदा अ‍ॅलर्जीकारक घटक यादीतच ठळक करून छापावे लागतात. ही एक गोष्ट इतकी सोयीची आहे की जिथे ती नाही तिथली पाकिटं हातात घेतली की मला घाम फुटतो. सगळी यादी कॅपिटल अक्षरांत, एक घटक कुठे संपतो कळत नाही, सोनेरी कागदावर पांढरी छपाई आणि वर चमक. रचनाकाराला बक्षीस मिळालं असेल, मला पाकीट तिरकं धरून दिव्याखाली न्यावं लागतं.

दुसरं म्हणजे "यात अमुकचे अंश असू शकतात" ही ओळ. ती खरोखर धोका आहे म्हणून लिहिली आहे की वकिलाने सांगितलं म्हणून, हे कळायला काही मार्ग नाही. बऱ्याच ठिकाणी ती ऐच्छिक आहे. म्हणजे ज्याने लिहिलं नाही तो सुरक्षित, असाही अर्थ काढता येत नाही. ती सगळ्यांवरच दिसायला लागली की लोक दुर्लक्ष करतात, आणि एखाद्या दिवशी ती खरी निघते.

पॅकिंगवाला

धागाकर्त्यांनी बोलावलंच आहे तर बोलतो. खाद्यपदार्थांच्या लेबलचं काम करतो. कंपनीचं नाव विचारू नका.

१. "गुपित फुटेल" हे कारण आमचे लोक नेहमी पुढे करतात. त्यात फारसा दम नाही. प्रतिस्पर्ध्याकडे प्रयोगशाळा असते, त्याला मैदा-साखर-तेलाचं प्रमाण आमच्या लेबलवरून शोधायची गरज नसते. खरं गुपित फ्लेवरमध्ये आणि भाजण्याच्या पद्धतीत असतं आणि तिथे तर नुसतं "फ्लेवर" लिहिलं तरी नियमाने चालतं.

२. खरी अडचण छपाईची. लवचीक पाकिटं बहुतेकदा ग्रॅव्ह्युअरवर छापतात. प्रत्येक रंगाचा एक कोरलेला सिलिंडर असतो. यादीत एक आकडा बदलला तरी त्या रंगाचा सिलिंडर नव्याने कोरावा लागतो, आणि आधी छापलेले रोल गोदामात पडून असतात ते वेगळेच. आकडे आले की प्रत्येक छोट्या फेरफाराला हे करावं लागेल, अशी भीती असते.

३. कच्चा माल बदलतो. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे सूर्यफूल तेलाची टंचाई झाली तेव्हा ब्रिटनच्या अन्न यंत्रणेनेच जाहीर केलं की काही पाकिटांवर सूर्यफूल तेल लिहिलं असलं तरी आत रिफाइंड रेपसीड तेल असू शकेल, कारण लेबल इतक्या झटपट बदलणं शक्य नव्हतं. हे टोकाचं उदाहरण झालं, पण लहान प्रमाणावर असं काहीतरी चालूच असतं.

माझं व्यक्तिगत मत: ५ टक्क्यांच्या वरच्या घटकांना पूर्णांकात टक्केवारी, दोन-तीन टक्के इकडेतिकडे चालेल अशी मुभा. एवढं आम्ही सहज देऊ शकतो. मागणीच होत नाही म्हणून देत नाही.

निळीशाई

@पॅकिंगवाला, तिसऱ्या मुद्द्याने पोटात गोळा आला. पण प्रामाणिकपणे लिहिल्याबद्दल आभार.

शून्यशेष

निळीशाई, अमेरिकेतला तिळाचा प्रकार ऐकला असेलच. २०२१ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा तिथला नववा सक्तीने जाहीर करायचा अ‍ॅलर्जीकारक घटक झाला. हेतू चांगला होता. पण बेकरीत तीळ सगळीकडे उडतात, यंत्रं तीळमुक्त ठेवायची म्हणजे कटकट. तेव्हा काही उत्पादकांनी सरळ आधी तीळ नसलेल्या ब्रेडमध्ये थोडं तिळाचं पीठ घातलं आणि यादीत "तीळ" लिहून टाकलं. नियम पाळला! ज्यांना आधी तो ब्रेड चालत होता त्यांचा तोही गेला. तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने यावर नाराजी दाखवली, पण हे बेकायदा नव्हतं.

त्यामुळे नियम लिहिताना "कंपनी याला सर्वांत स्वस्तात कसं उत्तर देईल" हा प्रश्न आधी विचारायला हवा. टक्केवारीचंही तसंच. ५ टक्क्यांची रेषा आखली की ४.९ टक्क्यांचे घटक वाढतील.

काठावरचा

@शून्यशेष, म्हणूनच शर्करांचा गट आधी. गट केला की चार ठिकाणी ४.९ टक्के वाटून लपवता येणार नाही. तेलांचंही तसंच करता येईल.

गोडघाशी

युरोपात २०१४ च्या डिसेंबरपर्यंत "वनस्पती तेल" एवढं लिहिलं की भागत होतं. नंतर कोणत्या वनस्पतीचं ते लिहायची सक्ती झाली, आणि पाम तेल किती ठिकाणी आहे हे तिथल्या गिऱ्हाइकांना यादीत दिसायला लागलं. त्या आधीही ते तिथेच होतं. दिसणं महत्त्वाचं, हा धागाकर्त्यांचा मुद्दा मला इथे पटतो.

माझी तक्रार वेगळी आहे: यादीत नावाऐवजी येणारे रंग, टिकवणारे वगैरे घटकांचे नंबर. ३३०, ५००, ३२२, ४१५. ही काय रसायनशाळा आहे?

शून्यशेष

अहो, ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, जे लिंबात असतं. ५०० खाण्याचा सोडा. ३२२ लेसिथिन, बहुतेकदा सोयाबीन किंवा सूर्यफुलातून काढलेलं. ३०० तर चक्क क जीवनसत्त्व. नंबर दिसला की विष, असं समीकरण मांडणाऱ्या चित्रफिती फिरत असतात, त्यांनी लेबल वाचणाऱ्यांचं भलं केलेलं नाही.

उलट बाजूने, काही नंबर खरंच काहींच्या कामाचे असतात. १२० हा रंग एका किड्यापासून काढतात, शाकाहारी माणसाला ते कळायलाच हवं. ९५१ म्हणजे अ‍ॅस्पार्टेम हा कृत्रिम गोडवा, फिनाइलकीटोन्युरिया (एक आनुवंशिक आजार) असलेल्यांनी टाळायचा. १०२ सह सहा रंगांबाबत युरोपात २०१० पासून "मुलांच्या चंचलतेवर व लक्ष देण्यावर अनिष्ट परिणाम होऊ शकतो" अशा अर्थाची सूचना छापावी लागते. तेव्हा नंबर आणि नाव दोन्ही द्या, आणि तो घटक कशासाठी घातला तेही: आम्लता राखायला, फुगवायला, टिकवायला. निम्मी भीती तिथेच जाईल.

गोडघाशी

नाव, नंबर, काम, टक्के, अ‍ॅलर्जी... आणि हे सगळं चॉकलेटच्या चिमुकल्या वेष्टनावर? युरोपात अक्षराची किमान उंची १.२ मिलिमीटर आहे, तीही इंग्रजी 'एक्स' या लहान अक्षराची, आणि छोट्या पाकिटाला ०.९. मला आताच भिंग लागतं.

खिडकीपाशी

यावर सरळ उपाय: क्यूआर कोड. पाकिटावर मोजकं छापा, बाकी सगळं कोडमागे. अक्षर हवं तेवढं मोठं करा, वाचून दाखवायला सांगा, "शेंगदाणे असतील तर लाल दाखव" म्हणून एकदा ठरवून ठेवा. आणि सिलिंडरचा प्रश्नही सुटला. २०२७ च्या अखेरीस जगभरच्या दुकानांतल्या स्कॅनरनी नेहमीच्या बारकोडसोबत चौकोनी कोडही वाचावेत असं बारकोडची जागतिक संस्था जीएस-वनचं उद्दिष्ट आहे. म्हणजे कोड तसाही येणारच आहे. त्यातच घटक बसवा.

निळीशाई

नको. दुकानात नेट नसतं, फोनची बॅटरी संपलेली असते, किंवा खाऊ देणारी मुलाची आजी असते जिला कोड म्हणजे पाकिटावरची नक्षी वाटते. अ‍ॅलर्जीची माहिती छापीलच हवी. बाकीचं कोडमागे गेलं तर चालेल.

शून्यशेष

वाइनच्या बाबतीत युरोपने नेमकं हेच केलंय. ८ डिसेंबर २०२३ पासून वाइनलाही घटकांची यादी सक्तीची झाली, पण ती कोडमागे ठेवायची मुभा आहे. अ‍ॅलर्जीकारक घटक आणि उष्मांक मात्र बाटलीवर छापलेच पाहिजेत. आणखी दोन अटी मला फार आवडल्या: त्या पानावर जाहिरात टाकायची नाही आणि पान उघडणाऱ्याची माहिती गोळा करायची नाही. या अटींशिवाय कोड आला तर आपण घटक बघायला जाऊ आणि "आमचे सभासद व्हा" ची खिडकी बंद करत बसू.

शिवाय २०१२ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेला 'ओपन फूड फॅक्ट्स' हा खुला कोश आहेच. लोक पाकिटांचे फोटो चढवतात आणि कोणीही तो वापरू शकतो. क्रमावरून टक्केवारीचा अंदाज बांधायचं काठावरचांचं गणित तिथे संगणक करतो.

काठावरचा

तो अंदाजच राहतो हो. जो आकडा कारखान्याच्या वहीत लिहिलेला आहे तो जगभरच्या स्वयंसेवकांनी कोडं सोडवून काढायचा, हे मला हास्यास्पद वाटतं.

पॅकिंगवाला

निळीशाईंच्या पहिल्या प्रतिसादात एक गोष्ट सहज येऊन गेली आहे, "नेहमीचं असलं तरी दर वेळी वाचते". माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि उपयोगी सुधारणा तिथे आहे. जीएस-वनचा नियम आहे की जाहीर केलेली घटकरचना बदलली तर उत्पादनाला नवा बारकोड क्रमांक द्यावा. म्हणजे बदल झाला हे आमच्या यंत्रणेला कळतं, दुकानदाराच्या यंत्रणेलाही कळतं. गिऱ्हाइकालाच फक्त कळत नाही! "नवी चव" असा पिवळा तारा पुढे छापायला जागा असते, तर "घटक बदलले, मागे पाहा" ही ओळही बसू शकते. सहा महिने ठेवायची, मग काढायची.

निळीशाई

हे झालं तर मी बाकी सगळ्या मागण्या सोडायला तयार आहे.

काठावरचा

मी नाही. :) पण ही मागणी यादीत वर घालतो. आतापर्यंतचं धरून त्या काल्पनिक बदाम बिस्किटाचं लेबल कसं दिसेल ते लिहून बघतो. १०० ग्रॅम बिस्किटासाठी वापरलेलं वजन:

*मैदा (गहू) ६२ ग्रॅम, शर्करा २४ ग्रॅम (साखर १८, इन्व्हर्ट सिरप ६), पाम तेल १७ ग्रॅम, दूध पावडर २ ग्रॅम, मीठ ०.७ ग्रॅम; बदाम ०.६ ग्रॅम, फुगवण्यासाठी: खाण्याचा सोडा (५००), अमोनियम बायकार्बोनेट (५०३), मिश्रण एकजीव ठेवण्यासाठी: सोया लेसिथिन (३२२), फ्लेवर.*
*घटक बदलले आहेत: पूर्वी सूर्यफूल तेल, आता पाम तेल.*

५ टक्क्यांच्या खालचे आकडे फक्त दूध, मीठ आणि बदामाला दिले. दूध-बदाम नावात किंवा चित्रात येतात म्हणून, मीठ सगळ्यांनाच हवं असतं म्हणून.

दुपारचीझोप

वाचतं कोण म्हणणारा मीच, पण हे वाचलं. बेरीज केली. १०६ च्या वर जातेय. शंभर ग्रॅम बिस्किटात १०६ ग्रॅम माल?

पॅकिंगवाला

बरोबर आहे ती बेरीज. घटकांचं वजन मिसळताना धरतात, भाजून झाल्यावर नाही. मैद्यातच साधारण १३-१४ टक्के पाणी असतं, ते भट्टीत बरंचसं उडतं. सिरपमधलंही उडतं. ५०३ तर पूर्णच वायू होऊन जातो, त्याचं कामच ते. म्हणून बिस्किट शंभर आणि माल त्याहून जास्त. टोमॅटोच्या सॉसवर "१०० ग्रॅममध्ये १४८ ग्रॅम टोमॅटो" असं दिसतं ते याच कारणाने. बेरीज शंभराच्या वर जाते तिथे टक्के न लिहिता ग्रॅम लिहायचे असा युरोपात नियमच आहे.

दुपारचीझोप

मग हे लेबलवर कुठे लिहिणार? माझ्यासारखे दहा जण "फसवतात" म्हणून तक्रार करतील.

पॅकिंगवाला

यादीच्या सुरुवातीला तीन शब्द: "भाजण्यापूर्वीचं वजन, ग्रॅममध्ये". जागा आहे. आणि काठावरचा, तुमच्या लेबलवर एक हरकत: ०.६ ग्रॅम बदाम घालणारी कंपनी हा आकडा छापायची वेळ आली की आधी पुढचा बदामांचा ढीग काढून टाकेल आणि नाव "बदाम चवीचं" करेल. मग प्रमाण सांगायची सक्तीच उरत नाही.

काठावरचा

ढीग गेला तर माझी हरकत नाही.